कुजणारा बांध: उतारावर तोडलेल्या झाडोऱ्याचे वाफे

उताराची जागा साफ करायला घेतली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक प्रश्न समोर उभा राहतो, आणि तो खरोखरच पुरुषभर उंच असतो. घाणेरीच्या काटेरी जाळ्या, वेलींचे गुंते, मनगटाएवढ्या फांद्या, मध्येच एखादं वाळकं खोड, मातीसकट उपटून आलेलं गवत. तोडताना एवढं वाटलं नव्हतं. आता हे सगळं टाकायचं कुठे?

बहुतेकजण काडी लावून मोकळे होतात. तासाभरात ढीग संपतो, हे खरंच आहे. पण त्या तासाभरात पानाफांद्यांतला जवळजवळ सगळा कर्ब आणि नत्राचा मोठा भाग धुरातून निघून जातो. मागे राहते राख. तिच्यात पालाश, चुना, थोडं स्फुरद असतं, म्हणजे ती अगदीच टाकाऊ नाही. पण उतारावरची राख पहिल्या जोराच्या सरीबरोबर खाली जाते आणि झाडोरा गेल्यामुळे उघडी पडलेली मातीही तिच्या मागोमाग निघते.

याच ढिगाचे वाफे करता येतात. कसे, ते सांगण्याआधी एक गोष्ट पक्की करून घेऊ, कारण कंपोस्टबद्दल जे काही लिहिलं जातं ते बहुतेक सपाट जमीन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. सपाट जागेवर काडीकचऱ्याला एकच काम असतं: कुजणं. उतारावर त्याला आधी पाणी अडवायचं असतं आणि मग कुजायचं असतं. ही दोन्ही कामं एकमेकांच्या विरोधात जातात. जे कुजणार ते अडवण्याचं काम कायमचं करू शकत नाही. सगळी युक्ती या पेचात आहे. काटक्या कुजून मऊ होतील तोवर त्यांचं अडवण्याचं काम दुसऱ्या कोणीतरी उचललेलं असलं पाहिजे. हे दुसरं कोणी म्हणजे मुळं.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दोन वाफ्यांमध्ये ४ मीटर अंतर आहे आणि वाफा १० मीटर लांब आहे असं धरा. ५० मिलिमीटरचा एक चांगला पाऊस पडला की त्या पट्ट्यावर २,००० लिटर पाणी येतं, म्हणजे २०० लिटरची दहा पिंपं. त्यातलं काही मुरेल, उरलेलं धावेल. धावणाऱ्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ऊर्जा चौपट होते. म्हणून लांब, सलग, उघड्या उतारावर वरच्या टोकाला नुसती ओल दिसते, मध्यावर बोटभर ओघळ दिसतात आणि खाली घळ पडलेली असते. पाऊस सगळीकडे सारखाच पडलेला असतो, फरक पडतो तो पाण्याला धावायला मिळालेल्या अंतराचा. वाफे करून आपण हे अंतर तोडतो, एवढंच.

यातून पहिली सूचना आपोआप निघते: सगळा उतार एकदम साफ करू नका. जिथे वाफा बसणार तो पट्टा तोडा, त्याच्या वरचा-खालचा झाडोरा तसाच राहू द्या. पहिला वाफा तयार झाला की पुढचा पट्टा. तोडतानाही झुडूप मुळासकट उपटण्यापेक्षा जमिनीलगत कापावं. खाली राहिलेली मुळं काही वर्षं माती धरून ठेवतात; खुंटाला फुटवे येतील, ते खुडत राहायचे. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण उपटून काढलेल्या प्रत्येक बुंध्यामागे एक भुसभुशीत खड्डा राहतो आणि उतारावर पाण्याला तेवढं आमंत्रण पुरतं. अपवाद घाणेरीसारख्या चिवट झुडपांचा. त्यांचा मूळगड्डा काढावाच लागतो, आणि तो काढल्यावर खड्डा त्याच दिवशी दाबून भरावा लागतो.

आता समपातळी रेषा. वाफा उताराला आडवा हवा, हे सगळ्यांना पटतं. पण तो "साधारण आडवा" असून चालत नाही, नेमका पातळीत हवा. डोळ्यावर विसंबू नका. उतारावर उभं राहिलं की डोळा हमखास फसतो, कारण त्याला पातळी ठरवायला क्षितिज दिसत नाही, दिसतो तो समोरचा चढ. साधं साधन पुरतं: दोन मीटरच्या दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, खाली फाकवायच्या, मध्ये आडवी पट्टी ठोकायची आणि शेंड्यावरून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडायचा. चौकट उभी करा, दोरी आडव्या पट्टीला जिथे टेकते तिथे खूण करा. मग चौकट फिरवून पायांच्या जागांची अदलाबदल करा आणि पुन्हा खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे पातळी. आता एक पाय रोवून दुसरा पाय असा सरकवत न्यायचा की दोरी मधल्या खुणेवर येईल. तिथे खुंटी ठोकायची आणि पुढे चालायचं. वीसेक खुंट्या झाल्या की मागे सरून पाहा. रेषा सरळ नसते, नागमोडी असते, आणि बघताना हटकून वाटतं की कुठेतरी चुकलंय. खुंट्या हलवू नका.

उतार किती आहे तेही मोजून घ्या. दोन मीटरची फळी एका टोकाला जमिनीला टेकवून आडवी, पातळीत धरा. दुसऱ्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते पाहा. ५० सेंटीमीटर असेल तर २५ टक्के उतार. ढोबळ नियम म्हणून दोन वाफ्यांमध्ये उभं अंतर एक मीटर धरलं तर २५ टक्क्यांवर आडवं अंतर ४ मीटर येतं. उतार ३३ टक्क्यांच्या पुढे, म्हणजे तीनास एकपेक्षा जास्त चढा असेल, तर ओंडके पुरून वाफे करण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. तिथे फांद्या समपातळीत आडव्या अंथरून, खुंट्यांनी जखडून, मध्ये झाडं लावावीत. आणि जमिनीला कमानदार भेगा असतील, झाडांचे बुंधे तळाशी वाकलेले असतील किंवा मध्येच पाझर फुटत असेल, तर तो उतार आधीच सरकतो आहे. तिथे आणखी पाणी मुरवणं म्हणजे विकतचं दुखणं.

वाफ्याची बांधणी खालच्या कडेपासून सुरू होते. समपातळी रेषेवर दर दोन हातांवर एक खुंट ठोकायचा, दोन तृतीयांश जमिनीत, एक तृतीयांश वर, किंचित चढाच्या बाजूला कललेला. त्या खुंटांमधून लवचिक ओल्या फांद्या एक आत, एक बाहेर अशा विणत न्यायच्या. कुडाची भिंत ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको; तोच कूड, फक्त गुडघ्यापेक्षा बुटका आणि न लिंपलेला. न लिंपलेला हे महत्त्वाचं. आपल्याला पाणी गाळून पुढे सोडायचं आहे, साठवायचं नाही.

कुडाच्या आतल्या बाजूला वीतभर खोल चर काढायचा, माती वरच्या अंगाला टाकायची. चरात सगळ्यात जाड लाकूड, चराच्या लांबीत आडवं. त्यावर बारीक फांद्या, आणि इथे घाई करायची नाही. फांद्या नुसत्या टाकल्या की त्यांच्यात पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांत उंदीर राहतात, माती गळते आणि लाकूड कोरडंच पडून राहतं. कोयत्याने हातभर तुकडे करा, अंथरा, त्यावर चढून तुडवा, पाणी शिंपडा, मूठ-दोन मूठ माती फटींतून आत जाईल अशी पसरा, पुन्हा तुडवा. प्रत्येक थर भिजलाच पाहिजे. कोरडा पालापाचोळा पाणी सहज घेत नाही, वरून ओतलेलं पाणी बाजूने निघून जातं. मग हिरवा पाला, गवत, शेण. मग चरातून काढलेली माती, निदान वीतभर जाडीची. शेवटी पाचोळ्याचं आच्छादन. रुंदी मीटर-सव्वा मीटरच्या पुढे नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो. माथा सपाट किंवा जरासा चढाकडे झुकलेला.

माझा पहिला वाफा कसा गेला ते सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. खालच्या कडेला मी एक सुरेख जाड ओंडका ठेवला होता. सरळ, सालीसकट, बघूनच समाधान वाटावं असा. तो जमिनीला दोन टोकांना टेकला होता. मध्ये खाली दोन बोटांची फट होती. म्हटलं, मातीने बुजेल. पहिल्या मोठ्या पावसात पाण्याने नेमकी तीच फट शोधली. वरून वाफा जसाच्या तसा दिसत होता. खालून ओंडक्याखालची माती भोक पाडल्यासारखी वाहून गेली होती आणि तिसऱ्या दिवशी मधला भाग खचून आत बसला. तेव्हापासून ओंडका ठेवायचा तर एक तृतीयांश जमिनीत पुरायचा आणि खालची प्रत्येक फट पहारीच्या टोकाने माती ठासून बंद करायची. कूड त्या मानाने जास्त क्षमाशील असतो, तो जमिनीच्या उंचसखलपणाबरोबर वाकतो.

याहून गंभीर चूक म्हणजे पाणी साठवायला सलग खोल चर खणायचा आणि त्यातून निघालेला बांध आतून लाकडांनी भरायचा. ओंडक्यांवर माती टाकून केलेले उंच वाफे जर्मनीतून 'हुगेलकुल्टुर' या नावाने जगभर पसरले आणि चर-बांधाची पद्धत तर जुनीच. दोन चांगल्या कल्पना एकत्र केल्या तर आणखी चांगलं होईल असं वाटतं. होत नाही. लाकूड पाण्यापेक्षा हलकं असतं; मागे पाणी तुंबलं की ते आतून उचललं जातं, आणि कुजलं की आत पोकळी पडते. असा एक बांध फुटला की त्याचं सगळं पाणी एकदम खालच्या बांधावर जातं, मग त्याच्या खालच्यावर. म्हणून वाफ्यामागे पाणी तुंबायला नको. जास्तीचं पाणी एका टोकाला दगड अंथरलेल्या सांडव्यातून शांतपणे उतरलं पाहिजे. आणि वरच्या-खालच्या ओळींतले सांडवे एकाखाली एक नकोत, विटांच्या सांध्यांसारखे आलटून पालटून हवेत.

काम वरून खाली करत यायचं. वरचा वाफा खालच्याचं रक्षण करतो. खालून सुरुवात केली तर सगळ्या उताराचं पाणी एकट्या, कच्च्या वाफ्यावर येतं. शिवाय ओझं उतरवणं चढवण्यापेक्षा सोपं, हेही आहेच.

आता कुजण्याकडे वळू. कंपोस्टच्या प्रत्येक माहितीत कर्ब-नत्र गुणोत्तराचा मंत्र असतो: २५ ते ३० भाग कर्बाला एक भाग नत्र. हा आकडा येतो कुठून? कुजवणाऱ्या जिवाणूंच्या शरीरात साधारण आठ भाग कर्बाला एक भाग नत्र असतं. पण तेवढ्या कर्बाची शरीरघडण करायला त्यांना त्याच्या दुप्पट, सोळा भाग, ऊर्जेसाठी जाळावा लागतो. आठ आणि सोळा चोवीस. म्हणजे पंचवीसच्या आसपासचं जेवण त्यांना नेमकं पुरतं. शेण वीसच्या आत-बाहेर असतं, हिरवं गवतही तसंच. वाळका पाचोळा ४० ते ८०. आणि लाकडाचा भुसा किंवा खोडाचे तुकडे तीनशे-चारशेच्या पुढे. लाकूड कुजायला वर्षं का लागतात ते इथे कळतं. जेवण भरपूर आहे, मीठच नाही.

एक हिशोब करून पाहू. काटक्या-पाला मिळून १०० किलो कोरडा माल आहे, त्यात ४५ किलो कर्ब आणि अर्धा किलो नत्र, म्हणजे गुणोत्तर ९०. ते ३० वर आणायचं तर दीड किलो नत्र हवं, एक किलो कमी पडतं. ताज्या शेणात नत्र साधारण अर्धा टक्का असतं, म्हणजे २०० किलो शेण लागलं. पण शेण स्वतःचा कर्बही घेऊन येतं, त्यामुळे एवढं घालूनही गुणोत्तर ४० च्या खाली उतरत नाही. युरियात ४६ टक्के नत्र असतं, सव्वादोन किलोत काम भागेल. ज्यांना तो चालतो त्यांनी पाण्यात विरघळवून थरांवर शिंपडावा. मानवी मूत्र दहापट पाण्यात मिसळून घातलं तरी चालतं, ते फुकट मिळतं आणि त्याबद्दल शेजाऱ्यांना सांगायची गरज नसते.

पण माझं म्हणणं असं की वाफ्याच्या गाभ्यातल्या जाड लाकडासाठी हा हिशोब करूच नये. ते सावकाश कुजावं हेच आपल्याला हवं आहे. तेवढी वर्षं ते आडोसा देणार आहे. गुणोत्तर सांभाळायचं ते वरच्या थरांचं, जिथे पहिल्या वर्षी मुळं पोचणार आहेत. लाकूड मातीत *मिसळलं* की जिवाणू आजूबाजूचं नत्र ओढून घेतात आणि झाडाची खालची पानं आधी पिवळी पडतात. तेच लाकूड मातीच्या *वर* आच्छादन म्हणून किंवा मुळांच्या *खाली* थर म्हणून राहिलं तर ओढाताण फक्त जिथे माती आणि लाकूड भेटतात त्या पातळ पट्टीपुरती असते.

फांदी जितकी बारीक तितकं तिच्यात अन्न जास्त. साल, कळ्या, कोवळी पेरं यांतच नत्र आणि खनिजं एकवटलेली असतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात अशा फांद्यांच्या चुऱ्यावर बरंच काम झालं आहे आणि तिथे मर्यादा धरतात ती ७ सेंटीमीटर जाडीची. त्याहून जाड ते चरात, बारीक ते वर, एवढं लक्षात ठेवलं तरी ढीग वेगळा करायला पुरतं.

चुरा करायला यंत्र नसेल तर? हा प्रश्न जुना आहे. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२०च्या दशकात इंदूरला कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिच्यातही पऱ्हाट्या आणि तुराट्यांचं काय करायचं हा घोळ होताच. त्यांनी त्या शेतातल्या रस्त्यांवर अंथरल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्या चेचल्या गेल्या आणि मग खताच्या ढिगात गेल्या. चेचलेल्या काडीत पाणी शिरतं, बुरशी शिरते. अखंड काडीला साल म्हणजे रेनकोट. आपल्याकडे पायवाट आहे. काटे नसलेल्या फांद्या त्या वाटेवर महिनाभर टाकून ठेवल्या तर पावलंच निम्मं काम करतात.

लाकडातला चिवट भाग म्हणजे लिग्निन. जिवाणूंचं त्याच्यापुढे फारसं चालत नाही. ते काम मुख्यतः पांढऱ्या कुजीच्या बुरशांचं. वाफा उकरल्यावर लाकडावर पांढरे धागे दिसले की घाबरून कसली पावडर मारू नका, तीच आपली माणसं. त्यांना ओल हवी, हवा हवी, आणि उकराउकर नको. म्हणून हे वाफे पलटत नाहीत.

न पलटल्यामुळे ते तापतही नाहीत, आणि याचा एक तोटा आहे: बिया मरत नाहीत. बी धरलेलं गवत, हरळीच्या काड्या, लव्हाळ्याच्या गाठी वाफ्यात गेल्या तर तुम्ही त्यांना गादी घालून दिलीत. बी धरलेल्या मालासाठी उताराच्या वरच्या टोकाला वेगळा गरम ढीग करा, निदान मीटर लांब, मीटर रुंद, मीटर उंच; त्याहून लहान ढीग ऊब धरत नाही. ओल इतकी की मूठभर माल पिळला तर थेंब-दोन थेंब यावेत, धार लागू नये. आत ५५ ते ६५ अंश तापमान आलं आणि बाहेरचा माल आत, आतला बाहेर असा काही वेळा फिरवला की बहुतेक बिया संपतात. लव्हाळा आणि हरळी मात्र आधी उन्हात कडकडीत वाळवून मगच ढिगात. ढीग वरच्या टोकाला असल्यामुळे त्यातून पाझरणारं पाणी वाफ्यांना मिळतं, आणि तयार खत उतरवायचं असतं, चढवायचं नसतं.

काय अजिबात घालू नये? रंग दिलेलं किंवा कीड लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं लाकूड; जुन्या मालात तांबं, क्रोमियम, आर्सेनिक असू शकतं. निवडुंगाच्या चिकाच्या जातींपासून डोळे सांभाळा. आणि बांधकामाला, तरण्या झाडांच्या बुंध्याला लागून हे वाफे नकोत. वाळवी येतेच, तिचंही ते काम आहे, फक्त ते घरापासून लांब चालू द्यावं. कोरड्या हंगामात काटक्यांचे न बांधलेले ढीग म्हणजे आगीला सरपण, तेव्हा तोडलं ते लवकर वाफ्यात गेलेलं बरं.

पहिल्या वर्षी काय लावायचं? वेलवर्गीय आणि शेंगवर्गीय. वेली कमी मातीत भागवतात आणि पसरून वाफा झाकतात, शेंगवर्गीय आपलं नत्र आपण मिळवतात. मुळा-गाजर इतक्यात नको, मूळ खाली जाऊन काटकीवर आपटतं. वाफा निम्म्यापर्यंत बसेल, त्याला घाबरू नका. दर वर्षी वर पाला आणि खत चढवत राहा. आणि "आत लाकूड असलं की पाणी घालावंच लागत नाही" या प्रचारावर विसंबू नका. ताजं लाकूड पाणी धरत नाही. ते कुजून दाबल्यावर बोट रुतावं इतकं मऊ झालं की मग स्पंजासारखं वागतं, आणि त्याला दोन-तीन वर्षं जातात. तोवर पाणी द्यावं लागतं.

खरी लागवड कुडाच्या कडेला करायची, आणि तीही वाफा बांधला त्याच पावसाळ्यात. वाळ्याची ठोंबं वीत-वीत अंतरावर एका ओळीत लावा. त्याची मुळं पसरत नाहीत, सरळ खाली जातात, तीन-तीन मीटर. खुंटांपैकी काही गिरिपुष्पाचे किंवा शेवग्याचे ओले खुंट ठोकले तर तेच फुटतात आणि मेढीचं झाड होतं. कापलेल्या जुन्या झुडपांची जमिनीतली मुळंही याच काळात कुजत असतात, हे विसरू नका; नवी मुळं वेळेत पोचली नाहीत तर दोन्ही आधार एकदम जातात.

तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यानंतर कधीतरी कुडाचा एखादा मेलेला खुंट धरून हलवून पाहा. तो जमिनीलगत कट्कन मोडून हातात येईल, आतून तपकिरी, हलका, चुरा होणारा. मग त्याच जागी, खुंट होता तिथे बोटं खुपसून पाहा. वाळ्याच्या मुळांत बोट अडकतं, माती सुटत नाही.